भोसरी, रात्रपाळी: रिले बदलताना

ननावरे काकांचा एक कान कायम पॅनेलला असायचा.
डबा खाताना, मालकाशी बोलतानासुद्धा.
दर बारा सेकंदांनी कॉन्टॅक्टर टक् करायचा
आणि त्या टक्‌वर ते ओव्हनची नाडी धरून बसायचे:
लागला. सुटला. लागला.
"आज चिकटतोय गं थोडा. पॉइंट घासायला हवेत."

ते निवृत्त झाले त्याच महिन्यात
कॉन्टॅक्टर निघाला, एसएसआर आला.
आगपेटीहून जरा मोठा, चार स्क्रू, एक लाल दिवा,
पोटात हलणारं काहीच नाही.
कंट्रोलरने बारा व्होल्ट पाठवले की
आत अंधारात एक इवली एलईडी पेटते,
पलीकडचं सिलिकॉन तो उजेड बघतं
आणि वाट देतं.
दोघांमध्ये तार नाही. फक्त बघणं.
आणि लगेच देत नाही वाट,
लाट शून्यावर येईपर्यंत थांबतं,
लांडेवाडी चौकात मी थांबते तसं,
दोन पीएमपींच्या मधल्या फटीसाठी.
फरक एवढाच, त्याला अशी फट
सेकंदाला शंभर वेळा मिळते.

पण फुकट कुणी काही करत नाही.
वाट देताना दीड व्होल्ट तो स्वतःकडे ठेवतो.
पंचवीस अँपिअरला धरा सदतीस वॅट,
म्हणजे सोल्डरिंग गनएवढी धग, आपल्याच पोटात, रात्रभर.
म्हणून पाठीशी हीटसिंक, मध्ये पांढरी पेस्ट,
भाकरीला तूप पुसावं इतकीच.
आमच्या हीटसिंकवर पावडरची निळी साय धरली होती.
पंखा दिवाळीपासून बंद.
आणि रिले मालकाच्या मेहुण्याने कुठूनसा स्वस्तात आणलेला,
वर चाळीस अँपिअर लिहिलेला.
वर काय, काहीही लिहिता येतं.

परवा पावणेतीनला वास आला.
सेट एकशे ऐंशी. दाखवतंय दोनशे छत्तीस.
कंट्रोलर म्हणतोय, मी बंद केलंय.
रिलेचा दिवाही विझलेला.
क्लॅम्प मीटर लावला: तेवीस अँपिअर.

आयटीआयमध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं.
बल्ब गेला की अंधार होतो.
फ्यूज गेला की सगळं गप्प.
हा गेला की बहुतेक वेळा चालूच राहतो.
आतलं सिलिकॉन वितळून एकजीव होतं,
मग उजेड दिसो न दिसो, दार सताड.

मेन खाली ओढला.
आत टांगलेले एकशे चाळीस ब्रॅकेट,
पांढरे व्हायचे होते, झाले
तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखे.

"दुसरा टाक लवकर, सातला गाडी आहे," लोंढे म्हणाला.
मी टाकला. आधी पंखा बदलला, साय खरवडली.
मग भंगाराच्या पेटीतून काकांचा कॉन्टॅक्टर काढला,
पॉइंट घासले,
आणि रिलेच्या आधी, त्याच वाटेवर बसवला.
त्याचा थर्मोकपल वेगळा, कंट्रोलर वेगळा,
दोनशे दहाला सुटणारा.
"हे कशाला आता? इतकी वर्षं झालं का काही?"
मी ब्रॅकेटांकडे बोट केलं.
तो चहा आणायला गेला.

मेन वर.
टक्.
एकदाच. मग तो तसाच धरून राहिला,
आणि रोजचं मुकं काम पुन्हा काळ्या डबीकडे.

सहाला काकांना फोन लावला. ते उठलेलेच होते.
सगळं ऐकून घेतलं, शाबासकी वगैरे नाही.
"नुसता बसवून मोकळी होऊ नको.
महिन्यातून एकदा त्याचं सेटिंग खाली ओढ
आणि सुटतोय का बघ.
वर्षभर धरून बसलेल्याला
सोडता येतं की नाही, कसं कळणार तुला?"
मागे त्यांच्या मिक्सरचा आवाज येत होता.
मग म्हणाले, "पेस्ट जास्त नाही ना लावलीस?"

कॅलेंडरवर पाच तारखेला गोल केला.
सकाळपाळीचा भोंगा झाला.